गिटारची गाणी पियानोवाल्यांच्या गळ्यात कशाला मारता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'पियानोवर शिका ही रॉक गाणी' म्हणून जी यादी आली होती ती वाचली. नुसती वाचून सोडून दिली असती, पण सोमवारी सकाळपासून माझ्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालक त्या पानाचे फोटो टाकायला लागले, "मॅडम गॅदरिंगला हे घेऊया ना", म्हणून हा पत्रप्रपंच. मी नाशिकला घरीच कीबोर्डचे क्लास घेते. शाळेतली मुलं असतात, आयटीत नोकरी करणारे असतात, रिटायर झालेले काका-मावशी पण आहेत, आणि रॉक शिकायची हौस या सगळ्यांना आहे हो, त्याबद्दल आनंदच आहे. यादी करणाऱ्यालाही गाण्यांची आवड आहे हे दिसतंच. पण ती यादी केलीये गाणं किती फेमस आहे ते बघून, पियानो बघून नाही. त्यातली निम्मी गाणी गिटारची आहेत. मूळ रेकॉर्डमध्ये पियानो एक तर नाहीच किंवा असून नसल्यासारखा, मग आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यादीत वरच्या नंबरला असलेलं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या. डीप पर्पलचं १९७२ चं गाणं, आणि त्याची सुरुवातीची धून तर ज्याने आयुष्यात गिटार हातात धरली नाही तोही तोंडाने वाजवतो. पियानोवर ती एका बोटाने दोन मिनिटात येते. येते आणि संपते! कारण त्या धुनेत जी मजा आहे ती स्वरांत थोडी आणि गिटारच्या त्या फाटक्या, गुरगुरणाऱ्या आवाजात जास्त आहे. त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर दोन-दोन तारा एकदम छेडतो आणि ॲम्प्लिफायर त्याचं काय ते करतो. तेच दोन स्वर तुम्ही पियानोच्या खालच्या सप्तकात दाबलेत तर नुसता गढूळ आवाज येतो आणि वर दाबलेत तर डोअरबेल वाजल्यासारखं वाटतं. बरं त्या बँडमध्ये कीबोर्डवर जॉन लॉर्डसारखा माणूस बसलेला होता, आणि तो सुद्धा पियानो न वाजवता हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) गिटारच्या मार्शल ॲम्पमधून वाजवायचा, यातच काय ते समजा.

गिटारवाला तार ओढून स्वर वर नेतो, म्हणजे आपल्या भाषेत मींडच घेतो. पियानोची पट्टी एकदा दाबली की जो स्वर आला तो आला, वर त्याचा आवाज दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीला मींड घेता येत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक स्वर) येत नाहीत असं म्हणून आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, ती योग्य होती का नव्हती हा वाद वेगळा (माझ्या मते नव्हती), पण वाद्याला काय जमत नाही ते माहीत असलेलं बरं. गिटारच्या सोलोवर उभं असलेलं गाणं पियानोवर घेतलं की शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच येत नाहीये. माझ्याकडच्या एका काकांनी 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा हट्ट धरला होता, कॉर्ड्स (एकदम दाबायचे तीन-चार स्वर) सगळ्या नीट बसवल्या, आणि मग म्हणाले, मॅडम पण ते शेवटचं दोन गिटारांचं कुठंय? आता ते मी कुठून आणू!

पण माझा खरा मुद्दा हा नाहीये. यादीच्या खाली जो सल्ला दिलाय, "आधी उजव्या हाताने गाण्याची चाल बसवा, मग हळूहळू डावा हात जोडा", तिथेच घोडं पेंड खातं. रॉक गाण्याच्या बाबतीत हे बरोबर उलटं करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. चाल वाजवूच नका, निदान सुरुवातीला तरी नको. साथ वाजवा. चाल तोंडाने म्हणा, नाहीतर शेजारी बसून कुणालातरी म्हणायला लावा.

का ते सांगते. आपल्या भावगीताची किंवा जुन्या हिंदी गाण्याची चाल नुसती वाजवली तरी गोड लागते कारण ती चढते, उतरते, वळते, मुरक्या घेते. रॉकच्या कडव्यात गायक बऱ्याचदा एकाच स्वरावर उभा राहून शब्द म्हणत असतो, फार तर शेजारच्या एक-दोन स्वरांवर जाऊन परत येतो, आणि सगळा जीव त्याच्या आवाजात, शब्दांत आणि मागच्या बँडमध्ये असतो. शब्द काढून टाका, आवाज काढून टाका, आणि ती चाल पियानोवर वाजवा, टायपिंग केल्यासारखं ऐकू येतं, टक टक टक टक. आणि आपल्याकडे तर साथीची केवढी मोठी परंपरा आहे, बैठकीत पेटीवाला गायकाच्या मागे राहून जे काही करतो त्याला आपण दाद देतो. मग कीबोर्ड हातात आला की सगळ्यांना एकदम चालच का वाजवायची असते मला कळत नाही.

म्हणजे, थोडंफार कळतं. आपल्या घराघरातून पेटी होती, आणि पेटीवर डावा हात भाता मारण्यात अडकलेला, सगळं वाजवायचं ते उजव्या हाताने. तीच सवय कीबोर्डवर आली. नवीन विद्यार्थी आला की मी आधी त्याचा डावा हात बघते, दहातल्या आठांचा मांडीवर असतो. त्यात कीबोर्डमध्ये ते ऑटो रिदम असतं, डाव्या हाताने एक-दोन बोटं दाबली की ढोल-ताशे, बेस, सगळं आपोआप सुरू, त्यामुळे डाव्या हाताला उरलंसुरलं कामही राहत नाही. गॅदरिंगमध्ये मागे रिदम चालू, मूल एका हाताने चाल वाजवतंय, आई-बाबा व्हिडिओ काढतायत, असं दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. मुलाचं कौतुक व्हायलाच पाहिजे, पण पियानो अजून सुरू झालेला नाही हेही सांगायला पाहिजे कुणीतरी.

पुस्तकांमुळे पण गोंधळ होतो. दुकानात किंवा ऑनलाइन 'पियानो, व्होकल, गिटार' अशी जी पुस्तकं मिळतात त्यात बहुतेक वेळा उजव्या हातात गायकाची चालच घातलेली असते, म्हणजे रेकॉर्डवर पियानोवाला जे वाजवतो ते त्यात नसतंच. ते वाजवून वर कुणी गायला लागलं की एकच ओळ दोनदा ऐकू येते. मूळ पियानो जसाच्या तसा लिहिलेलं नोटेशन वेगळं मिळतं, ते शोधा, नाहीतर सरळ कॉर्ड्स लिहून घ्या आणि रेकॉर्ड ऐकून बसवा. यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडतात ते व्हिडिओ मुलांना फार आवडतात पण त्यात कुठली कॉर्ड चाललीये ते कळत नाही, नुसती बोटं पाठ होतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

मग कुठली गाणी घ्यायची? जिथे पियानो पहिल्यापासून घरचा आहे ती. आणि अशी गाणी कमी नाहीत बरं का. रॉक म्हणजे गिटार हे आपल्या डोक्यात बसलंय पण १९५० च्या दशकात रॉक अँड रोल सुरू झालं तेव्हा फॅट्स डॉमिनो, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस ही सगळी पियानोवाली मंडळी पुढे होती.

अगदी पहिलं गाणं म्हणून मी 'लेट इट बी' देते, बीटल्सचं, १९७० ला आलेलं. सी, जी, ए मायनर, एफ (ही इंग्रजी पद्धतीची नावं), सुरुवातीला चारच कॉर्ड्स, बहुतेक सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. उजव्या हाताने प्रत्येक मात्रेला कॉर्ड दाबायची, डाव्या हाताने त्या कॉर्डचा मूळ स्वर खाली. एवढं केलं तरी पॉल मॅकार्टनी सुरुवातीला जे वाजवतो त्याच्या बरंच जवळ जातं, आणि शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, अरे हे तर खरंच ते गाणं वाटतंय, ते चाल वाजवून कधी येत नाही. मग ओळीच्या शेवटी एफवरून खाली सीपर्यंत जी उतरण आहे ती घ्यायची, एफ, मग सी पण खाली ई धरून, मग डी मायनर, मग सी. डाव्या हाताला पहिल्यांदा कळतं की आपण चालत जाऊ शकतो.

तसंच बिली जोएलचं 'पियानो मॅन', १९७३ चं. हे डाव्या हातासाठी मला सगळ्यात आवडतं गाणं आहे कारण त्यात खालचा स्वर सी, बी, ए, जी, एफ, ई, डी असा एकेक पायरी उतरत जातो आणि शेवटी जीवर येऊन थांबतो, आणि वरती तीन-तीन मात्रांचं चक्र चालू असतं. ज्यांना दादरा माहितीये त्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही, ते स्वतःच डोलायला लागतात.

जॉन लेननचं 'इमॅजिन' सगळे सोपं समजतात. कॉर्ड्स सोप्या आहेत, सीवरून एफ आणि परत, पण एफवरून परत येताना ए, ए शार्प (एच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी), बी असे तीन स्वर सरकत येतात तेवढ्यात अख्खं गाणं आहे. ते घाईत वाजवलं की मेलं. आणि इतक्या संथ गाण्यात पेडल (पायाने दाबायचं, स्वर लांबवणारं) नीट पाहिजे, म्हणजे नवीन कॉर्ड वाजल्यावर लगेच पेडल सोडून परत दाबायचं, आधी नाही. पेडल दाबून तसंच धरून ठेवलं की सगळ्या कॉर्ड्सची खिचडी होते. बहुतेकांकडे पेडल नसतंच हा अजून एक प्रकार! हजारोंचा कीबोर्ड घेतात, मागे सस्टेन पेडलचं भोक असतं, तिथे काही लावायचं असतं हे दुकानदार सांगत नाही. कीबोर्डच्या मानाने पेडल अगदी स्वस्त पडतं, ते आधी घ्या. बाकी ८८ पट्ट्यांचा पियानो नाही म्हणून अडून बसू नका, वर सांगितलेली सगळी गाणी ६१ पट्ट्यांत आरामात बसतात, फक्त पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो असा टच सेन्सिटिव्ह कीबोर्ड पाहिजे, नाहीतर रॉकचा ठोका येणार कुठून.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्लेचे शो झाले आणि तेव्हापासून माझ्याकडे त्यांच्या 'क्लॉक्स'ची लाट आलीये ती अजून ओसरत नाहीये. हे गाणं तुमच्या यादीत आहे आणि ते बरोबर आहे, गाणं पियानोचंच आहे, पण "सोपे" या रकान्यात टाकलंय ते मात्र काही पटलं नाही. स्वर सोपे आहेत, वरचा स्वर ई फ्लॅट (ईच्या लगेच डावीकडची काळी पट्टी), मग डी फ्लॅट, मग सी असा उतरतो आणि प्रत्येकापासून खाली तीन-तीन स्वरांची माळ. ग्यानबाची मेख लयीत आहे. आठ स्वर आहेत पण ते चार-चार असे पडत नाहीत, तीन, तीन आणि दोन असे पडतात, आणि मुलं हमखास चार-चार करायला जातात मग जोर भलत्याच स्वरावर पडतो. मी आधी कीबोर्ड बंद करायला लावते आणि टाळ्या वाजवायला सांगते, एक-दो-तीन, एक-दो-तीन, एक-दो. एकाने केरवा (तबल्याचा आठ मात्रांचा ताल) धरायचा, बाकीच्यांनी त्यावर ही टाळी द्यायची. तबला शिकणारी मुलं हे चटकन उचलतात, नुसता कीबोर्ड शिकणाऱ्यांना वेळ लागतो. आणि मूळ स्पीडला हे चार मिनिटं सलग वाजवलं तर मनगट भरून येतं, लहान मुलाला ते करायला लावू नका. त्यापेक्षा त्यांच्याच त्याच अल्बममधलं 'द सायंटिस्ट' आधी घ्या, डी मायनर, बी फ्लॅट, एफ, संथ लय, एकेक कॉर्ड दाबत जायचं.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत महालक्ष्मीला गन्स अँड रोझेस हा बँड येऊन गेला तेव्हा त्यांचं 'नोव्हेंबर रेन' मागणारे आले. गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, त्यातलं सुरुवातीचं पियानोचं बसवा आणि थांबा, पुढचा सोलो त्यांच्या गिटारवाल्या स्लॅशला करू दे. एक सांगते, हे लोक गिटार अर्धा स्वर खाली लावतात, त्यामुळे पुस्तकातल्या सीमधल्या कॉर्ड्स रेकॉर्डबरोबर वाजवल्या तर एका पट्टीचा फरक येतो आणि मुलं घाबरून फोन करतात की मॅडम कीबोर्ड बिघडला. बिघडला नाहीये, ट्रान्सपोझ (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) उणे एक करा.

ट्रान्सपोझच्या बटणावरून माझ्यावर टीका होते, क्लासिकल शिकवणारे लोक म्हणतात ही फसवणूक आहे. मला नाही तसं वाटत, सुरुवातीचं वर्षभर खुशाल वापरा. जर्नीचं 'डोन्ट स्टॉप बिलिव्हिन' मूळ ई मेजरमध्ये आहे, चार शार्प म्हणजे चार काळ्या पट्ट्या, नवीन माणूस बघूनच पळून जाईल. सीमध्ये आणलं की ते सी, जी, ए मायनर, एफ होतं, म्हणजे 'लेट इट बी'चीच सुरुवात. हे मुलांच्या लक्षात आलं की त्यांचे डोळे जे मोठे होतात! पुढच्या ओळीत ए मायनरच्या जागी ई मायनर येतो तेवढा फक्त लक्षात ठेवायचा. पण वर्षानंतर बटण सोडा, कारण खऱ्या पियानोला ते नसतं, आणि पियानोवर बसून गाणी करणाऱ्यांनी काळ्या पट्ट्या भरपूर वापरल्यात, एल्टन जॉनचं 'युअर साँग' ई फ्लॅटमध्ये आहे, क्वीनची ती सुप्रसिद्ध 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बी फ्लॅटमध्ये सुरू होते.

आता त्या ऱ्हॅप्सडीबद्दल. आपल्याकडच्या पालकांना तिचं जरा जास्तच प्रेम आहे आणि त्याला कारणही आहे, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे पियानो वाजवायचा, मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता त्यात लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. म्हणजे बघा, तो सुद्धा तेव्हाची लोकप्रिय रॉक गाणी पियानोवर बसवतच शिकला. रेडिओवर ऐकलेलं लगेच वाजवून दाखवायचा असं त्याच्या शाळेतले मित्र सांगतात. कानाने बसवायचा, साथ करायचा, मला जे म्हणायचंय ते हेच. १९७५ ची ऱ्हॅप्सडी मात्र सहा मिनिटांची आहे आणि त्यात ऑपेराचा भाग म्हणजे तिघांनी स्वतःच्या आवाजावर आवाज चढवत केलेला कोरस आहे, तो दोन हातांनी वाजवायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आधीचा संथ भाग घ्या, बी फ्लॅट, जी मायनर, सी मायनर, एफ. त्यात डावा हात उजव्या हातावरून पलीकडे नेऊन वरचे स्वर मारायचे असतात, फ्रेडी व्हिडिओत करतो तसं, ते आलं की मुलं घरी पाहुणे आले तरी तेवढंच वाजवून दाखवतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

गॅदरिंगला सात-आठ मुलांना एकत्र बसवायचं असेल तर 'हे ज्यूड'चा शेवट घ्या, एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट आणि परत एफ, बस एवढंच गोल गोल, रेकॉर्डवर ते चार मिनिटं चालतं, आणि हॉलमधले सगळे गातात, शब्द पाठ नसले तरी. एकाने कॉर्ड, एकाने खालचा स्वर, एकाने टाळ्या. परीक्षेची हौस असेल तर ट्रिनिटीची रॉक अँड पॉप परीक्षा आहे, रॉकस्कूलची आहे, त्यात बॅकिंग ट्रॅकबरोबर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीबरोबर) वाजवावं लागतं त्यामुळे लय सुटली की लगेच उघडं पडतं, हे चांगलंच आहे.

संपादकांना विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक गाण्यापुढे दोन गोष्टी लिहा, मूळ रेकॉर्डवर पियानो कोण वाजवतो आणि गाणं कुठल्या स्केलमध्ये आहे. पहिल्या रकान्यात नाव सापडलं नाही तर ते गाणं गिटारच्या यादीत टाका. आणि ज्यांचा डावा हात आता चांगला तयार झालाय त्यांच्यासाठी बीटल्सचं १९६८ चं 'लेडी मॅडोना' जरूर घाला, मॅकार्टनीने ते फॅट्स डॉमिनोच्या ढंगात केलं आणि डॉमिनोने त्याच वर्षी ते स्वतः गायलं सुद्धा. त्यातला डावा हात एक मिनिट स्वस्थ बसत नाही. माझ्या क्लासमधल्या दोन मुली सध्या त्याच्याशी झटतायत, एकीचा अंगठा अजून चुकीच्या पट्टीवर पडतो, पण परवा पहिल्यांदा दोघी एका लयीत शेवटपर्यंत गेल्या.

आपली नम्र,
एक कीबोर्ड शिक्षिका, नाशिक